एकतिसाव्या मिनिटाला

गुरुवारचं प्रवचन शुक्रवारी रात्री ऐकतो,
रजईत, कानात वायरी खुपसून.
बाहेर दौलतगंजात धुकं इतकं
की गजकवाल्याची हाक येते, गाडी दिसत नाही.

फोन पेटीवर ठेवला होता, उताणा,
म्हणून आधी भाता ऐकू येतो, मग मी.
हा कोण माणूस?
क्षमेवर बोलतोय,
आवाज असा की वसुलीला आलाय.

वही घेतली. खुणा करत गेलो.
"म्हणजे", अठ्ठेचाळीस वेळा.
"बरं का मंडळी", मोजायचं सोडून दिलं.
संस्कृत वचनं चार. त्यातल्या दोनांचा अर्थ
घाईघाईत गिळला,
कारण मलाच तो धड ठाऊक नव्हता.
आणि दर वाक्याआधीचं ते खाकरणं,
ते तर माझं नाहीच.
बुवांना दमा होता.
अकरा वर्षं त्यांच्यामागे झांज धरून उभा राहिलो,
विद्या किती उतरली देव जाणे,
खोकला तेवढा उतरला.

वाकणकर पेटीवाले निघताना म्हणाले होते, "छान झालं."
गेल्या गुरुवारीही तेच म्हणाले,
तसेच वाकून, चपला शोधत.
आई म्हणाली, आवाज खणखणीत.
माणसं सतरा. प्रसाद सतराही जणांनी घेतला.
यावरून काय कळणार?

मग ऐकू आलं. टप्. टप् टप्.
गरगटे मावशी. तिसऱ्या सतरंजीवर,
मांडीत स्टीलचं पातेलं, मटार सोलत.
आधी राग आला. देवासमोर?
(खरं तर, माझ्यासमोर?)
मग लक्षात आलं, दाण्यांची लय
माझ्या बोलण्याहून ठाम आहे.
राजा आला. टप्.
राजाचा शत्रू शरण आला. टप् टप्.
राजानं त्याला पोटाशी धरलं,
माझा कंठ दाटला, ठरल्याप्रमाणे,
वहीत तसं लिहूनच ठेवलं होतं, "इथे गहिवर",
टप्.

एकतिसाव्या मिनिटाला मात्र
मी कुठूनसा बोलून जातो,
"माझा धाकटा भाऊ, इथंच मुरारला राहतो..."
आणि थांबतो.
सात सेकंद.
भाता नाही. खाकरणं नाही.
पातेलंही गप्प.
मग "तर मंडळी, तो राजा",
आणि पुन्हा टप्, टप्, टप्.

तेवढा तुकडा सहा वेळा ऐकला.
वाटलं, सापडलं.
इथं कुणीतरी ऐकत होतं.

शनिवारी सकाळी गेलोच मावशींकडे.
गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या,
आज मेथी.
आडून आडून विचारलं.
"थांबले होते? अरे हां,
अळी निघाली ना शेंगेत. ही एवढी. जिंदा होती रे.
दाण्यांत गेली असती म्हणजे?"

हसलो. हसावंच लागलं.
सहा वेळा ऐकलं मी त्या अळीला,
जीव कानात आणून.

जिन्याशी पोचलो तोवर मागून हाक आली,
"आणि काय रे, त्या भावाचं पुढं काय झालं?
तू आपला राजाकडे पळालास."

घरी येऊन राजावर काट मारली.
"इथे गहिवर" वर दोनदा.
खाकरण्यावर काट कशी मारतात
ते अजून कळलेलं नाही.
खाली भावाचं नाव लिहिलं, पुढे काही सुचेना,
चार बोटं जागा सोडली.

मुरारचा टेम्पो चौकातून सुटतो,
भाडं पंधरा रुपये.
दोन वर्षांत एकदाही दिलेलं नाही.
गुरुवारला अजून पाच दिवस आहेत,
म्हणजे...

एकोणपन्नास.